कुत्र्याचं दहा दिवसांचं रजिस्टर

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते ज्या साहेबांवरून ठेवलं होतं त्यांची नातवंडं अजून भिलाईतच आहेत, आणि त्यांतला एक माझ्या गुडघ्यांवर इलाज करतो. नाव बायकोने ठेवलं होतं. साहेब आणि कुत्रा, दोघांचेही खालचे दात तोंड मिटलं तरी बाहेर दिसायचे, एवढंच त्यामागचं कारण. साहेब एकदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा तिने कुत्र्याला दोन तास नावाशिवाय वागवलं.

मी तेव्हा कारखान्याच्या रेल्वे यार्डात शंटिंग जमादार होतो. इंजिनाने डबे कुठे ढकलायचे आणि कुठे थांबायचं, हे शिटी वाजवून, झेंडी दाखवून सांगणारा माणूस म्हणजे शंटिंग जमादार. वडील नागपूरकडे गार्ड होते, आजोबा गँगमन. आमच्या घरात मूल रांगायला लागलं की आधी लाल-हिरवी झेंडी ओळखायचं आणि मग आईबाप. भिलाईत पहिली भट्टी पेटलेली होती, पुढच्या उभ्या राहत होत्या, आणि यार्डात रोज नवी माणसं भरती होत होती. आसपासच्या गावांतली ती माणसं, इंजिन त्यांनी लांबूनच पाहिलेलं. त्यांना पॉइंट्समन, म्हणजे खटका ओढून रूळ बदलणारा माणूस, बनवायचं काम माझ्याकडे होतं. माझी पद्धत एकच होती. चुकलं की पहिल्यापासून. बरोबर आलं की अजून एकदा, खात्रीसाठी. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा, आणि भडकलो की मी शिटी तोंडात असतानाच ओरडायचो, त्यामुळे माझ्याबरोबर शिटीही ओरडायची.

राहायला सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं होतं. झाड नाही, कुंपण नाही, जिकडेतिकडे मुरूम. क्वार्टरं इतकी एकसारखी की पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरून, चपला काढून, "चहा टाक" म्हणालो होतो. दुसऱ्या वेळी त्या बाईंनी खरंच टाकला.

बायको नागपूरच्या भरल्या घरातली. सासरी माणसं इतकी की जेवणाच्या तीन पंगती व्हायच्या. तिला मी या मुरमात आणून बसवलं. डावीकडे तेलुगू, उजवीकडे मलबारचा एक क्रेन ऑपरेटर, समोर पंजाबी. तिचं हिंदी अर्धंमुर्धं, शेजारणींचं त्याहून अर्धं, त्यामुळे बायकांचं बोलणं वाटीभर साखरेच्या पुढे जाईना. मी आठ तास यार्डात, आठ तास झोपेत आणि उरलेले आठ तास ओरडण्यात. मग ती एक दिवस रिसालीला भाजी आणायला गेली आणि पिशवीत वांग्यांवर बसलेलं पिल्लू घेऊन आली. रिसाली तेव्हा गाव होतं, आणि तिथल्या भाजीवालीने ते पिल्लू वांग्यांवर फुकट दिलं होतं. कोथिंबीर मात्र दिली नाही, म्हणून मी त्या दिवशीही ओरडलो.

पिल्लू दीड वर्षात चांगलं उंचपुरं झालं. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. माणसांना त्याचा काही त्रास नव्हता. त्याचं वैर होतं सायकलींशी. दुपारी दोनला सायरन व्हायचा. सकाळची शिफ्ट सुटायची, दुपारची लागायची, आणि आमच्या दारावरून सायकलींची रांगच्या रांग जायची, प्रत्येकीच्या हँडलला डबा. कुत्र्याची समजूत अशी होती की ही एवढी माणसं रोज आपलं घर लुटायला येतात. तो फाटकाबाहेर झेप घ्यायचा, भुंकून भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा, आणि पंधरा मिनिटांत सगळ्या सायकली निघून जायच्या. म्हणजे त्याच्या हिशेबाने रोज तो जिंकत होता. असल्या नोकराला कामावरून कसं काढणार?

एके दिवशी क्रेन ऑपरेटर पडला. कुत्रं त्याच्या चाकापुढे गेलं, त्याने ब्रेक मारला, पँट गुडघ्यावर फाटली, डबा उघडला आणि त्यातला दहीभात कुत्र्याने शांतपणे, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. पँटपेक्षा दहीभाताचा राग त्याला जास्त आला असावा. त्याने टाऊनशिपच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. संध्याकाळी राग उतरल्यावर तो बिचारा माफी मागायला आला, पण फॉर्मवर शिक्का पडला होता आणि शिक्का पडलेला कागद परत फिरत नाही.

आठवड्याने ऑफिसातले इन्स्पेक्टर आले. इस्त्रीचे कपडे, काखेत फाईल. फाटकापासून चांगले लांब उभे राहून त्यांनी नोटीस वाचून दाखवली. कुत्र्याला महिनाभरात वळण लावावं. महिन्याने ते स्वतः दोनच्या शिफ्टला येऊन पाहतील. कुत्रं सायकलीवर धावलं तर त्याच दिवशी त्याला गाडीत घालून नेतील. ती गाडी आम्हाला ठाऊक होती. तिच्यातून गेलेलं कुत्रं सेक्टरात पुन्हा कोणी पाहिलेलं नव्हतं.

मी नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि जेवायला बसलो. बायकोने वरण वाढलं आणि सरळ म्हणाली, "हे गेलं तर मी बी जाईन. नागपूरच्या पॅसेंजरने."

"कुत्र्यापायी घर सोडशील?"

"या घरात माझ्यासंगं बोलनारं ते एकच आहे. तुमी तं ड्यूटी करता, झोपता अन् वरडता."

"तुले समजते का काय बोलून राहिली ते?"

"मी सांगून राहिली. इचारून नाई राहिली."

ती सहसा असं बोलत नसे. मी घाबरलो. पण मी तसं दाखवलं नाही. म्हणालो, महिना कशाला, आठ दिवसांत कुत्र्याला पॉइंट्समन करून दाखवतो.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. शिटी एकदा म्हणजे बस. दोनदा म्हणजे बसलेलाच राहा. लाल झेंडी म्हणजे हलायचं नाही. जागा कोणती निवडली? फाटक. वेळ कोणती? दोनचा सायरन; एरवी मी सकाळच्या शिफ्टला असायचो, पण त्या आठवड्यात रात्रपाळी होती. जिथे काम करायचं तिथेच शिकायचं, अशी माझी यार्डातली शिस्त होती. दोरी मुठीत घट्ट धरून मी कुत्र्याला सायकलींच्या तोंडाशी बसवलं आणि शिटी फुंकली. शेजारपाजार बघायला जमला.

कुत्र्याने जांभई दिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्यूटीवर जांभई! यार्डात कोणी जांभई दिली तर त्याला मी दहा मिनिटं झेंडी वर धरून उभं करायचो. कुत्र्याला झेंडी धरता येत नव्हती म्हणून मी धडा दहा मिनिटांनी वाढवला. मग त्याने जिभेने नाक चाटलं. मला वाटलं, साहेबांना काहीतरी खायला हवं आहे. मग त्याने मान दुसरीकडे वळवली, जणू मी तिथे नाहीच. अंगावर पाण्याचा थेंब नसताना सगळं अंग फडफडवून झटकलं. मध्येच जमीन हुंगायला लागला, जिथे हुंगण्यासारखं काहीही नव्हतं. असली कामचुकार माणसं मी पुष्कळ पाहिली होती. जमादार आला की खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसणारी.

चौथ्या दिवशी बायको ओसरीतून म्हणाली, "अहो, त्याले झोप नाई आली. त्याले धास्ती भरली."

"जांभई झोपेचीच असते."

"अन् हड्डी कावून नाई खाऊन राहिला? परवा माझी चप्पल खाल्ली त्याने. आज मटनाची हड्डी नाकापुढे ठेवली तं तोंड फिरवते."

"माज आहे."

सातव्या दिवशी सायकलींची गर्दी जास्त होती. कुत्र्याने एक पाय उचलून धरला होता आणि डोळ्यांच्या कडांचं पांढरं दिसत होतं. घशातून बारीक गुरगुर आली. मी म्हणालो, गुरगुरतोस कोणावर, आणि गळपट्ट्याला धरून त्याचं तोंड सायकलींकडे फिरवलं. त्याने माझ्या डाव्या हाताला चावा घेतला. अंगठ्याजवळ दोन दात उमटले. लगेच तो स्वतःच इतका घाबरला की पोट जमिनीला घासत बाजेखाली जाऊन लपला. बघ्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. ती कोणासाठी होती, ते मी विचारलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर बंगाली होते, हिंदीत बोलायचे. मी त्यांचं बोलणं इथे आपल्या भाषेत देतो. त्यांनी साबणाने हात खसाखसा धुतला आणि विचारलं, "कुत्रं कोणाचं?"

"घरचंच. पण साहेब, टाऊनशिपच्या ऑफिसला कळलं तर..."

"माझ्याकडे माणसांचे कागद असतात, कुत्र्यांचे नाही. त्याला घरात ठेवा आणि दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. एकेक फरक लिहून आणा. खाणं सोडलं, वागणं बदललं, उगाच तगमग दिसली तर त्याच दिवशी या. मग चौदा सुया. पोटात."

पोटात हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझी रजा साचलेली होती. ती टाकली आणि कोरी वही घेऊन कुत्र्यासमोर बसलो. आता लिहायचं म्हटल्यावर आम्ही रेल्वेची माणसं जसं लिहितो तसंच मी लिहिणार. वेळ, हालचाल आणि तिसऱ्या खान्यात शेरा, म्हणजे त्या वेळी कोण कुठे होतं, काय चाललं होतं. यार्डात एक डबा सरकला तरी आजूबाजूला कोण उभं होतं हे लिहावं लागतं. तसंच इथे. सकाळी सहा चाळीस, जांभई एक, मी अंघोळ करून आलो. सात पाच, नाक चाटलं, मी समोर बसलो. सात दहा, मान फिरवली, मी नाव घेतलं. आठ वाजता अंग झटकलं, मी खोकलो. मी बाजारात गेलो की वही बायकोकडे असायची. तिचं अक्षर गोल. तिने लिहिलं होतं, झोपला, चेंडू आणला, पोळी खाल्ली, माझी अजून एक चप्पल खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मी वही उलगडून पाहिली आणि माझी बोबडीच वळली. डॉक्टरांनी सांगितलेलं एकूण एक लक्षण माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. खाणं सोडणं, तगमग, तोंड फिरवणं. मी वही छातीशी धरून तडक दवाखान्यात गेलो. जाताना पोटावरून हात फिरवत होतो.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढला.

"हे शेऱ्याच्या खान्यात प्रत्येक ओळीला 'मी' कसा?"

"मी तिथे होतो ना साहेब."

"आणि ज्या ओळीत तुम्ही नाही तिथे कुत्रं खातं, झोपतं, चेंडू आणतं."

"त्या ओळी बायकोच्या."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "दहा दिवस पुरे करा, नियम आहे. रोग तर दिसतो आहे, पण तो कुत्र्याला नाही झालेला." एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दवाखान्यातून घरापर्यंत मी सायकल हातात धरून पायी आलो. राग येत होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं, असा तो पहिलाच राग. वाटेत वही पुन्हा उघडली. जांभई, मग नाक चाटणं, मग मान फिरवणं; आणि चावला त्या दिवशी फाटकाशी त्यापुढे पाय उचलणं, मग गुरगुर. एकामागून एक, त्याच क्रमाने. मी गार्डाचा मुलगा. ड्रायव्हरने पिवळा सिग्नल पाहून गाडी हळू केली नाही आणि लाल ओलांडला, तर त्याची त्याच दिवशी चौकशी लागते, हे मी आईच्या मांडीवर असताना ऐकलेलं. इथे कुत्र्याने मला चार पिवळे दाखवले होते. पाचवा लाल दाखवला तेव्हा मी त्याला गप्प बसवलं. सिग्नलवरच ओरडलो होतो मी. मला लाज वाटली. खरोखर वाटली, आणि त्यात त्या चौदा सुयांचा काही संबंध नव्हता.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "तुझं बरोबर होतं. जांभई झोपेची नव्हती."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग शिटी द्या इकडे." मी दिली. तिने ती डाळीच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

दहा दिवस संपले. कुत्रं ठणठणीत होतं. महिन्यातले तेरा दिवस उरले होते. आता शिकवणारी ती आणि तिचा पॉइंट्समन मी. तिने जागा बदलली. फाटक नाही, मागच्या गल्लीत, रस्त्यापासून सहा क्वार्टरं आत, जिथून सायकली बोटभर दिसायच्या. हातात तुपाची पोळी, बारीक तुकडे करून. तुकडा त्याने हळूच ओठांनी घेतला तर आपण बरोबर अंतरावर आहोत. हात ओरबाडत हिसकावला तर फार जवळ आलो. घेतलाच नाही तर धडा संपला, घरी चला. जांभई आली की एक क्वार्टर मागे. पाच मिनिटांपेक्षा जास्त काही करायचं नाही. हे सगळं ती कुठे शिकली, असं मी विचारलं. ती म्हणाली, दीड वर्ष त्याच्याकडे बघून राहिली, दुसरं काम काय होतं मले?

सायकलींची गर्दी एकदम नको म्हणून आम्ही क्रेन ऑपरेटरला गाठलं. तो संध्याकाळी आपली सायकल घेऊन गल्लीच्या टोकाला यायचा आणि अगदी सावकाश, तोल सांभाळत, इकडून तिकडे जायचा. घंटी वाजवायची नाही, कुत्र्याकडे बघायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद. मोबदल्यात वडा-भात. पहिल्या दिवशी त्याने दोन फेऱ्या मारल्या, आणि वडा-भात खाल्ल्यावर स्वतःहून आणखी चार मारायला निघाला. बायकोने अडवलं. "आज बस."

"चांगलं चाललं आहे, होऊ दे अजून एकदा," मी म्हणालो.

"काल बी चांगलं चाललं होतं. तुमी म्हनले अजून एकदा, अन् तो दोरी तोडून गेला. कुठून सुरू करा लागलं मंग?"

खरं होतं. आदल्या दिवशी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पोहोचलो होतो आणि माझ्या एका अजून-एकदाने आम्हाला परत सहाव्यावर नेऊन ठेवलं होतं. बरोबर आलं की थांबायचं, हे कुत्र्यापेक्षा मला शिकायला जड गेलं. माझ्या जिभेवर ते अजून-एकदा येऊन बसायचं आणि मी ते गिळायचो. बायको ते गिळणं बघायची आणि मधूनच पोळीचा एक तुकडा माझ्याही हातावर ठेवायची.

याचा यार्डातही उपद्रव झाला. एक नवा माणूस माझ्यासमोर उभा राहून शिटीचे इशारे म्हणत होता. मध्येच त्याने ओठ चाटले आणि नजर बाजूला केली. मी म्हणालो, "जा, पाणी पिऊन ये. उरलेलं उद्या." तो हबकलाच. दुपारी त्याने हेडक्लार्कला जाऊन विचारलं म्हणे, जमादारांची बदली झाली का.

अखेर तो दिवस आला. माझी साप्ताहिक सुट्टी होती. कुत्रं तोवर फाटकाच्या आत, बायकोच्या पायाशी, निम्मी शिफ्ट जाईपर्यंत शांत बसायला लागलं होतं. निम्मीच. पुढची निम्मी अजून आमच्या हातात नव्हती, आणि हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. सकाळपासून बायकोने दोन घासही खाल्ले नव्हते. मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा पलंगाखालची तिची पेटी बाहेर काढलेली दिसली. झाकण बंद होतं. उघडून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

इन्स्पेक्टर पावणेदोनला सायकलवरून आले. या वेळी बरोबर कुत्री पकडणाऱ्या गाडीवरचा काठीवाला एक माणूस होता, तो समोरच्या भिंतीला टेकून विडी ओढत बसला. सायरन झाला. पहिल्या सायकली आल्या. कुत्र्याने कान टवकारले, बायकोकडे पाहिलं, तुकडा घेतला, ओठांनी, हळूच. दहा सायकली गेल्या, वीस गेल्या. क्रेन ऑपरेटर मुद्दाम छाती काढून समोरून गेला. इन्स्पेक्टर फाईल उघडून दोन पावलं पुढे आले, नीट दिसावं म्हणून.

कुत्र्याने जांभई दिली. मग नाक चाटलं. रस्ता अजून सायकलींनी भरलेला होता.

जुना मी असतो तर दोरी आवळली असती. साहेबासमोर माघार कशी घ्यायची? मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. "मागं घे," मी म्हणालो. ती माझ्या आधीच उठली होती. ती त्याला घेऊन ओसरीवर गेली आणि तिथे दोघं बसली.

"हे काय?" इन्स्पेक्टर म्हणाले. "कुत्रं फाटकाशी बसलं पाहिजे. पूर्ण शिफ्ट. मी लिहितो, नापास."

माझं डोकं तापलं. तोंड उघडलं, एक चांगली शिवी ओठांवर आली होती. तेवढ्यात इन्स्पेक्टरांनी जांभई दिली. दुपारी दोनला, उभ्या उभ्या, कडक इस्त्रीत. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग मान वळवून दूर पाण्याच्या टाकीकडे बघू लागले, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी खाली पाहिलं. त्यांचा एक पाय त्यांच्या सायकलीकडे वळलेला होता. मला एकदम उलगडलं. हा माणूस कुत्र्यांना भितो. नोटीस वाचतानाही तो फाटकापासून लांब का उभा होता, तेही कळलं. असल्याच माणसाच्या टेबलावर ऑफिसने कुत्र्यांची फाईल ठेवली होती.

मी शिवी गिळली. आतून खुर्ची आणली आणि म्हणालो, "साहेब, इथे ऊन आहे. चला, तिकडे भिंतीच्या सावलीत बसा. तिथून सगळं दिसतं." त्यांना मी दोन क्वार्टरं मागे नेलं, खुर्ची मांडली, त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये मी स्वतः उभा राहिलो. लोटाभर पाणी दिलं. दोन मिनिटांत त्यांचे खांदे खाली आले. मग गूळशेंगदाणे दिले, तेही त्यांनी घेतले, चार चार दाणे, सावकाश. मला फार बरं वाटलं.

तिथून आम्ही दोघांनी उरलेली शिफ्ट पाहिली. शेवटची सायकल गेली तेव्हा कुत्रं ओसरीवर पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडलेलं होतं. इन्स्पेक्टरांनी लिहिलं, "कुत्रा शांत. सायकलीवर धावला नाही. तक्रार बंद." सही केली. मग हळूच विचारलं, "मी फाटकासमोरून जाईपर्यंत त्याला तुमच्या मिसेस धरून ठेवतील ना?" मी त्यांच्या आणि फाटकाच्या मधून चालत त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत पोहोचवलं. काठीवाला मागून रिकाम्या हाताने गेला.

कागद हातात घेऊन मी फाटकातून आत आलो, तो ढोल-ताशा वाजत असल्याच्या थाटात. "आता उद्यापासून आपण..." मी सुरू केलं आणि थांबलो. बायकोने मान बाजूला वळवली होती. दोन्ही हात अजून कुत्र्याच्या मानेभोवती होते, घट्ट. मी कागद खिशात घातला आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. शेवटी तीच बोलली.

"आता वाजला नं सायरन, तो वाजला अन् तुमी ड्यूटीवर असले का मी रोज इथीच येऊन बसते. याले असंच धरून."

"कावून?"

"मले वाटते, झालं. तुमचं काहीतरी झालं. त्या दिवशी त्या समोरच्या पंजाब्यांचा भाऊ कारखान्यात मेला, तवाही सायरनच वाजला होता. तुमी सायकलवरून येतांना दिसले का मंग मी याले सोडते. याले नेलं असतं तं मी कोनाले धरून बसली असती?"

म्हणजे रोज दोनला ती भीतीने कुत्र्याला आवळून धरायची, सायकली यायला लागायच्या, आणि ती सोडायची तेव्हा ते कुत्रं त्या सायकलींवर धावून जायचं. तिला कोण घाबरवत होतं, ते त्याने आपल्या परीने शोधून काढलं होतं.

शिफ्टचा सायरन एक लांब असतो. अपघाताचा तुटक, थांबून थांबून. यार्डात येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगायचो, आणि पाठ झाल्याशिवाय त्याला रुळाजवळ फिरकू देत नसे. घरात सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं. तीन वर्षं ती रोज मला मेलेला समजत होती.

मी तिला सांगितलं. एक लांब म्हणजे मी घरी यायला निघालो. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, तोंडाने दोन्ही आवाज काढून दाखवले. मग तिने कुत्र्याच्या मानेवरचे हात सोडले आणि रडायला लागली. मी तिला गप्प हो म्हणालो नाही.